समुद्रतळीच्या कुरणाचा नाश

पाल्कच्या उपसागरात समुद्रगाय चरते असे सांगितले, तर श्रोत्यांना ती कविकल्पना वाटण्याचा संभव आहे. परंतु ती खरोखरच चरते, आणि गवतच चरते. हे सागरी गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बी धरते. अशा कुरणांचे मोल मनुष्याला पटले ते मात्र आपल्या किनाऱ्यावर नव्हे, तर उत्तर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर; आणि तेही ती नष्ट झाल्यानंतर.

तेथील गवताचे शास्त्रीय नाव झोस्टेरा मरीना. डच लोकांनी ते समुद्राच्या बांधांत घातले; डेन्मार्कच्या लेसो बेटावर त्याची जाडजूड छपरे घरांवर चढली; गाद्या भरण्यासही ते चाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पेटरसन या डॅनिश शास्त्रज्ञाने, या गवताचा कुजका चुरा हाच माशांच्या अन्नाचा मुख्य पाया होय, असे हिशेबानिशी मांडले होते.

१९३१-३२ साली या गवतावर रोग पडला. पानांवर काळपट डाग दिसू लागले, पाने झडली, आणि थोड्याच काळात अटलांटिकमधील सुमारे ९० टक्के गवत नाहीसे झाले. लॅबिरिंथुला नावाच्या सूक्ष्म जीवाकडे संशयाचे बोट लवकरच गेले. पण त्या विशिष्ट जातीचे नामकरण व्हायला १९९१ साल उजाडले.

पेटरसन यांच्या गणिताप्रमाणे माशांचा सर्वनाश व्हावयास हवा होता. तो झाला नाही! माशांचे अन्न इतर मार्गांनीही येत होते. म्हणून गवत निरुपयोगी ठरले काय? मुळीच नाही. मुळांची पकड सुटताच तळाची वाळू हलू लागली, पाणी गढूळ झाले. या गवतावर हिवाळा काढणारे ब्रँट जातीचे रानहंस उपासमारीने घटले. जे तगले ते दुसऱ्या अन्नाकडे वळले. सर्वांत करुण कथा एका चिमुकल्या शंखप्राण्याची. टोपीसारख्या कवचाचा हा जीव लॅब्राडॉरपासून लाँग आयलंडपर्यंत केवळ या गवताच्या पानांवरच राही. कमी खाऱ्या पाण्यात रोगाचे चालेना, म्हणून खाड्यांच्या तोंडाशी थोडे गवत वाचले होते. पण तसले पाणी या जीवालाच सोसत नव्हते. तो कायमचा नष्ट झाला, आणि जगाच्या ते ध्यानात आले साठेक वर्षांनी.

अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या समुद्राभिमुख खाड्यांत रोगाने जे उरले होते ते १९३३ च्या ऑगस्टमधील चक्रीवादळाने नेले. तेथील स्कॅलप नावाच्या शिंपल्याचा धंदा बुडाला. पुढे सुमारे सहा दशके त्या खाड्या उघड्याच राहिल्या. पाणी वाईट नव्हते. बी येण्याची वाट तेवढी बंद होती. १९९७ साली तेथे गवताचा एक लहानसा पुंजका आढळला, तेव्हा शास्त्रज्ञांनी पेरणीचे धाडस केले. दर वसंतात बी धरलेल्या काड्या हातांनी खुडावयाच्या, टाक्यांत बी पिकू द्यावयाचे आणि शरदात ते होडीतून विखरावयाचे, हे काम वीस वर्षे चालले. सात कोटींहून अधिक बी पेरले गेले, तेही अवघ्या २१३ हेक्टरांत. २०२० साली मोजणी प्रसिद्ध झाली, तेव्हा गवत आपल्या आपण ३,६०० हेक्टरांवर पसरलेले होते.