हंटिंग्टन, संध्याकाळचे ७:३६

१९६६ची अखेर. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीच्या काठी, हंटिंग्टन हे जेमतेम ७५ हजार वस्तीचं शहर. मार्शल विद्यापीठ इथलंच. विद्यापीठाचा फुटबॉल संघ मोसमातला शेवटचा सामना हरला. हा अमेरिकी फुटबॉल: हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. तो सामना धरून पुढचे सलग २७ सामने मार्शलला एकही विजय मिळाला नाही. २६ हार, १ बरोबरी.

जुलै १९६९. खेळाडूंच्या भरतीत नियम मोडल्याबद्दल मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या विद्यापीठ संघांच्या गटाने मार्शलला निलंबित केलं. हरणाऱ्या संघाकडे चांगली मुलं येत नाहीत. ती आणण्यासाठी आडवाट धरली गेली होती.

मोसम तोंडावर आला असताना हेड कोच पेरी मॉस यांना पदावरून दूर करण्यात आलं. बदनाम झालेल्या, दोन वर्षांत एकही सामना न जिंकलेल्या संघाला ऐन वेळी बाहेरून कोण मिळणार? सहायकांपैकी रिक टॉली यांच्याकडे सूत्रं आली. ते तिशीला टेकले होते.

२५ ऑक्टोबर १९६९. बोलिंग ग्रीन विद्यापीठाविरुद्ध मार्शल २१-१६ ने जिंकलं. तीन वर्षांतला पहिला विजय.

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोचचं निम्मं काम मैदानावर चालतं आणि निम्मं रस्त्यावर. त्यानं किंवा त्याच्या सहायकांनी गाडी काढायची, गावोगावच्या शाळा पालथ्या घालायच्या, सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या घरी बसून आईबापांना पटवायचं. मोठ्या विद्यापीठांकडे यासाठी माणसं असतात, पैसा असतो. मार्शलमध्ये आज मैदानावर उभा असलेला माणूसच उद्या गाडी चालवत असे. पुढे कोण वाचलं आणि कोण नाही, हे या साध्या गोष्टीवर ठरलं.

१९७०चा मोसम. मार्शलचे बहुतेक बाहेरगावचे सामने बसने जाता येईल एवढ्या अंतरावर होते. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचा, ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धचा सामना मात्र लांबचा. विमानाचा बेत आधी रद्द होणार होता, मग तो निर्णय बदलला. सदर्न एअरवेजचं डीसी-९ जातीचं, ९५ आसनी जेट चार्टर केलं गेलं. त्या वर्षातला संघाचा हा एकच विमानप्रवास.

शनिवार, १४ नोव्हेंबर १९७०. पहिल्या वर्षाची मुलं हंटिंग्टनमध्येच होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. जखमी असल्यामुळे नेट रफिन हा बचावपटूही मागे राहिला. टेक्सासचा एक खेळाडू वडिलांच्या अंत्यविधीसाठी घरी गेला होता. आईच्या मनात काहीतरी खुपत होतं, तिनं त्याला परत जाऊ दिलं नाही.

दुपार. ग्रीनव्हिलचं फिकलेन स्टेडियम. हंटिंग्टनमध्ये लोक रेडिओला कान लावून बसले होते. समालोचन करणारा माणूस विद्यापीठाचाच क्रीडा माहिती अधिकारी. गावाच्या ओळखीचा आवाज. परतीच्या विमानात त्याचीही जागा होती.

सामना संपता संपता मार्शल तीन गुणांनी मागे होतं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टेड शूब्रिज याने फेकलेला चेंडू मुद्दाम जमिनीवर टाकल्याचा निर्णय पंचांनी दिला आणि मार्शलची उरलीसुरली संधी गेली. ईस्ट कॅरोलायना १७, मार्शल १४. मोसमाचा हिशेब ३ विजय, ६ पराभव. टॉली यांच्या हाती यायच्या आधीच्या संघाशी ताडून पाहिलं, तर ही पडझड नव्हती. संघ सावरत होता.

सामन्यानंतर. सहायक कोच रेड डॉसन विमानाकडे गेले नाहीत. व्हर्जिनियातल्या फेरम ज्युनियर कॉलेजात एक लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, त्यांच्या नजरेत होता आणि त्याला मार्शलकडे वळवायचं होतं. त्यांच्याबरोबर गाडीत संघाचे आणखी एक कोच गेल पार्कर बसले. पार्कर येताना विमानाने आले होते. जाताना त्यांनी सहकारी डीक ब्रॅकेट यांच्याशी जागा बदलली. ब्रॅकेट विमानात चढले.

संध्याकाळी ६:३८. ग्रीनव्हिलजवळच्या किन्स्टनच्या स्टॉलिंग्ज फील्ड विमानतळावरून विमान उडालं. आत ७५ माणसं: ३७ खेळाडू, कोच टॉली धरून संघाचे ८ कर्मचारी, संघाच्या मागे उभे राहणारे २५ गावकरी, २ वैमानिक, २ हवाईसुंदरी आणि चार्टरची व्यवस्था पाहणारा एक माणूस. त्या २५ जणांत हंटिंग्टनचे डॉक्टर होते, धंदेवाले होते, नवराबायकोच्या जोड्या होत्या. सतत हरणाऱ्या संघाला ज्यांनी पदरमोड करून धरून ठेवलं होतं, ते हे लोक.

प्रवास तासाभराचा. वाटेत काही बिघडलं नाही.

७:२३. हंटिंग्टनच्या ट्राय-स्टेट विमानतळाशी संपर्क झाला. ५,००० फुटांवर उतरायला परवानगी मिळाली. हवामान सांगितलं गेलं: पाऊस, धुकं, धूर, फाटके ढग. उतरणं अवघड, पण अशक्य नाही.

ट्राय-स्टेट विमानतळ डोंगरमाथा सपाट करून बांधलेला. भोवती टेकड्या आणि घळी. धावपट्टीच्या रेषेत ठेवणारी रेडिओ यंत्रणा तिथं होती. विमान किती उंचीवर हवं, उतार किती हवा, हे दाखवणारी ग्लाइड स्लोप मात्र नव्हती. म्हणजे डावीकडे-उजवीकडे किती ते यंत्र सांगणार आणि वर-खाली किती ते वैमानिकाने आपल्या काट्यांवरून ठरवायचं. अशा उतरणीचा नियम सरळ आहे. समुद्रसपाटीपासून १,२४० फुटांपर्यंत यायचं आणि तिथं थांबायचं. धावपट्टी किंवा तिचे दिवे डोळ्यांना दिसल्याशिवाय एक फूटही खाली जायचं नाही. दिसले नाहीत तर वर उचलायचं आणि पुन्हा फेरी मारायची.

विमानात उंची मोजणारी यंत्रं दोन प्रकारची. एक हवेच्या दाबावर चालतं आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं. दुसरं रेडिओलहरी खाली सोडून, त्या क्षणी पोटाखाली जी जमीन असेल तिच्यापासूनचं अंतर सांगतं. सपाट प्रदेशात दोन्हींतला फरक कायम तेवढाच राहतो. टेकड्यांच्या मुलखात विमान घळीवरून जात असलं तर दुसरं यंत्र मोठा आकडा दाखवतं. टेकडी आली की तोच आकडा क्षणात कोसळतो.

७:३४. विमानाने आउटर मार्कर, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडची रेडिओ खूण, ओलांडल्याचं कळवलं. नियंत्रकाने उतरायला परवानगी दिली. धावपट्टीचे दिवे लावलेले आहेत, कमी करायचे असतील तेव्हा सांगा, असंही तो म्हणाला.

विमान १,२४० फुटांवर आलं. थांबलं नाही.

स्वयंचलित यंत्रणेने मार्गाचा संकेत पकडला की नाही, यावर कॉकपिटमध्ये काही क्षण बोलणं झालं. धावपट्टी दिसली, असं कुणीही म्हटलं नाही. नियमाच्या मर्यादेखाली विमान सुमारे ३०० फूट उतरलं.

को-पायलटने आकडा पुकारला: चारशे. आपण बरोबर चाललो आहोत, यावर दोघांचं एकमत झालं.

पुढचा आकडा: एकशे सव्वीस.

मग: शंभर.

७:३६. धावपट्टीच्या पश्चिमेला ५,५४३ फुटांवर टेकडीवरच्या झाडांचे शेंडे विमानाला लागले. कुणी वाचलं नाही. जळालेल्या जमिनीचा पट्टा ९५ फूट रुंद आणि २७९ फूट लांब भरला.

त्याच रात्री. व्हर्जिनियातल्या आडरस्त्यावरच्या एका दुकानापाशी डॉसन आणि पार्कर यांनी गाडी थांबवली होती. उकडलेल्या शेंगा घ्यायच्या होत्या. बातमी त्यांनी तिथं रेडिओवर ऐकली.

पुढे चौकशी मंडळाने निष्कर्ष दिला: धावपट्टी नजरेस न पडता विमान ठरलेल्या उंचीखाली उतरलं. ते का, याच्या दोन शक्यता मांडल्या. एक तर कॉकपिटमधल्या यंत्रांचे आकडे चुकीच्या रीतीने वापरले गेले, किंवा उंची मोजणाऱ्या यंत्रणेतच दोष होता. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रं विमानांत असावीत, या दिशेने शिफारस झाली. तो इशारा त्या संध्याकाळी डीसी-९मध्ये नव्हता.

हंटिंग्टनमध्ये ७० मुलांनी आई किंवा बाप गमावला. त्यांतल्या १८ जणांचे दोन्ही गेले. सहा खेळाडूंची ओळख पटली नाही. त्यांना स्प्रिंग हिल कबरस्तानात शेजारी शेजारी पुरण्यात आलं. गावात इतक्या अंत्ययात्रा होत्या की एकीहून निघालेली माणसं थेट दुसरीकडे जात.

हिवाळा, १९७०-७१. फुटबॉल बंद करावा की चालू ठेवावा, हा प्रश्न विद्यापीठाचे हंगामी अध्यक्ष डॉनल्ड डेडमन यांच्यासमोर होता. बंद करणं सोपं होतं, आणि त्यात कुणी दोष दिला नसता. पण उरलेली मुलं, त्यांत रफिनही, संघ राहावा म्हणून अडून बसली. संघ ठेवायचं ठरलं आणि एक जुनाच प्रश्न पुन्हा समोर आला: कोच कोण?

आता निलंबनापेक्षा, २७ सामन्यांच्या दुष्काळापेक्षा मोठी गोष्ट आडवी होती. ज्यांना बोलवायचं त्यांना काय सांगणार? बहुतेक सहायक गेलेले. खेळाडू म्हणजे मागे राहिलेले मोजके जुने आणि पहिल्या वर्षाची पोरं. जी खोली वापरायची, ती मेलेल्या माणसाची. जॉर्जिया टेकचे सहायक कोच डिक बेस्टविक यांनी पद स्वीकारलं आणि थोड्याच दिवसांत सोडून परत गेले. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्या खोलीत बसून पाहिल्याशिवाय कुणी ठेवूही नयेत.

१२ मार्च १९७१. जॅक लेंगेल यांची हेड कोच म्हणून नेमणूक झाली. ओहायोतल्या वूस्टर या छोट्या कॉलेजातून ते आले होते. रेड डॉसन यांनी त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून राहायचं कबूल केलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळू द्यावं, या मागणीला राष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली. मार्शलकडे दुसरी पुरेशी मुलंच नव्हती. पोरं अननुभवी, म्हणून खेळाची पद्धतही बदलावी लागली. ती शिकायला लेंगेल आपल्या माणसांना घेऊन त्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेले. तिथले कोच बॉबी बाउडन यांनी आपली वही आणि सामन्यांच्या फिल्म त्यांच्यापुढे उघड्या केल्या.

२५ सप्टेंबर १९७१. हंटिंग्टनचं फेअरफील्ड स्टेडियम. झेवियर विद्यापीठ १३, मार्शल ९. शेवटचा डाव. रेजी ऑलिव्हरने टेरी गार्डनरकडे चेंडू टाकला आणि गार्डनर १३ यार्ड धावत रेषेपार गेला. फलकावरच्या घड्याळात शून्य उरलं होतं. मार्शल १५, झेवियर १३. लोक बराच वेळ मैदानातून हलले नाहीत.

त्या मोसमात २ जिंकले, ८ हरले. मोसम संपल्यावर डॉसन यांनी फुटबॉल सोडला. ते हंटिंग्टनमध्येच राहिले आणि बांधकामाच्या धंद्यात गेले.