गाजर गवत, दवणा आणि कोरियन क्रीम

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात कोरियन क्रीम कशाला? प्रश्न रास्त आहे. सातारा-सांगलीकडच्या माणसाची कातडी कशामुळे चिडते, यालाही एक इतिहास आहे. तो साधारण सत्तर वर्षांचा आहे आणि कुठल्याही बाटलीवर छापलेला नसतो. आज आपल्या घरांतली मुलं-मुली मोबाइलवरून 'ॲलर्जीच्या त्वचेसाठी' म्हणून कोरियन क्रीम मागवतात. ते तोंडाला लावण्याआधी हा इतिहास माहीत असलेला बरा.

सुरुवात पुण्यापासून करू. १९५१ साली प्रा. परांजपे यांना तिथं उकिरड्यावर एक अनोळखी रोप दिसलं. १९५६ साली राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची भारतासाठी नवीन अशी नोंद केली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण पट्टा. पानं गाजरासारखी, म्हणून आपण त्याला गाजर गवत म्हणतो. कुणी चटक चांदणी म्हणतं, आणि पांढऱ्या टोप्यांसारख्या फुलांमुळे काँग्रेस गवत हे नावही रुळलं.

हे गवत पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तारखा बघा. तो कायदा १९५४ चा, आणि त्याखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. रोप तर १९५१ मध्येच दिसलं होतं. शिवाय कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या यादीतही हे नाव सापडतं. परदेशी धान्यातून बी आलं असणं शक्य आहे, पण सगळा दोष त्या एका कराराच्या गव्हावर टाकता येत नाही.

रस्त्याकडेने, रुळांच्या कडेने, गाड्यांच्या चाकांना लागून, पाटाच्या पाण्यातून हे तण पसरतं. पुण्याहून आपल्याकडे यायला महामार्ग आहे, मिरजेची रेल्वे आहे आणि गावोगाव कॅनॉल आहेत. त्याला आणखी काय हवं? माण-खटावचं पडीक रान असो की कृष्णाकाठचा उसाचा बांध, आज ते कुठंही भेटतं. मेक्सिकोहून १९८३ साली त्याची पानं खाणारा झायगोग्रामा भुंगा बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी सोडलाही. त्यानं पानं खाल्ली, पण गवत काही गेलं नाही.

आता कातडीकडे येऊ. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहावर लेख प्रसिद्ध केला. गुन्हेगार द्रव्याचं नाव पार्थेनिन. ते पानांवरच्या बारीक लवेत असतं. गवत वाळलं की त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो. त्यामुळे गवताला हात न लावताही चेहरा, पापण्या, मान, कोपराची आतली बाजू लाल होते, खाजते, पुढं जाड आणि काळी पडते. रानात उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांत हे विशेष दिसलं. घरात त्याला 'उष्णता वाढली', 'पित्त उठलं' असं म्हणून वर्षं निघून जातात. आणि डॉक्टरांनी ओळखलं तरी 'गवतापासून लांब राहा' हा सल्ला शेतकऱ्यानं पाळायचा कसा? रान सोडून तो जाणार कुठं?

एक गोष्ट लक्षात ठेवा. नाव गाजर गवत असलं, तरी हे गाजराच्या कुळातलं नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. पार्थेनिन ज्या जातीचं रसायन आहे, त्याचे भाऊबंद या कुळातल्या पुष्कळ झाडांत असतात. शरीराला एकदा पार्थेनिनची ओळख पटली, की काहींच्या बाबतीत ते या भाऊबंदांनाही शत्रू समजतं. हारातली शेवंती हाताळूनही काहींना खाज सुटते, ती यामुळेच.

आणि इथंच कोरिया येतो. तिकडं 'सुक' नावाची वनस्पती फार मानाची आहे. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात कथा आहे, की लसूण आणि सुक खाऊन अंधारात राहिलेली अस्वलीण बाई झाली आणि तिच्या पोटी राष्ट्राचा आद्यपुरुष दानगुन जन्मला. सुक म्हणजे आर्टेमिसिया. आपल्यालाही हे घराणं परकं नाही. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणाही आर्टेमिसियाच. सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची सासनकाठी मानानं जिथं जाते, तिथला सुवास आणि कोरियन बाटलीतला अर्क एकाच वंशातले आहेत. पण आर्टेमिसिया सूर्यफुलाच्याच कुळात मोडते. म्हणजे ज्याची कातडी गाजर गवतानं आधीच पोळली आहे, त्याच्या हातात 'त्वचा शांत करणारा' म्हणून गवताचाच चुलत भाऊ दिला जातो. प्रत्येकाला त्रास होईल असं नाही. अर्क कसा काढला, त्यात ते द्रव्य किती उतरलं, यावर ते ठरतं. पण बाटलीवरून ते कळत नाही.

मग कोरियन सगळंच टाकायचं का? नाही. तिकडं 'सिका' म्हणून गाजलेला घटक म्हणजे सेंटेला एशियाटिका, आपली मंडूकपर्णी, कोकणातला कारिवणा. आणि गंमत म्हणजे ही खरोखर गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली! पार्थेनिनशी तिचं नातं नाही. तिचीही ॲलर्जी क्वचित होते, पण ती गोष्ट वेगळी. सेरामाइड, पँथेनॉल हे घटक तर झाडाच्या अर्कातले नव्हेतच.

'आपलं घरगुती ते सुरक्षित' हेही खरं मानू नका. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण हळदीनं आणि कुंकवानं त्वचादाह झाल्याच्या नोंदीही वैद्यकात आहेत. वस्तू देशी की विदेशी हे कातडी बघत नाही, तिला फक्त रेणू ओळखता येतो.

तेव्हा दहा टप्प्यांचा थाट सोडा. दहा बाटल्या म्हणजे शंभरेक घटक. चिडलं कशानं, हे शोधणार कसं? सौम्य क्लीन्झर, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन एवढं पुरे. लेबलवर आर्टेमिसिया, कॅमोमिला, कॅलेंड्युला ही नावं शोधा. तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. आणि खाज जुनी असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. यादासोन यांनी १८९५ साली मांडलेली ही पद्धत आजही चालते: पाठीवर पट्टी लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, नंतर पुन्हा एकदा बघतात.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा फक्त क्रीमची नावं सांगू नका. बांधावर गाजर गवत आहे का, खाज कुठल्या महिन्यात वाढते, घरात वडिलांना किंवा आजोबांना मानेवर असंच काही होतं का, हेही सांगा. तुमच्या कातडीचा इतिहास तुम्हीच सांगितला नाही, तर तो दुसरं कोण सांगणार?