सर्व्हर अधूनमधून बंद पडतो, तेव्हा प्राधान्य रांगेचं गणित

एकाच सर्व्हरच्या रांगेत ओटीपी आणि रिपोर्ट, अशी दोन प्रकारची कामं आहेत. ओटीपीला प्राधान्य आहे. सर्व्हर १०% वेळ बंद राहत असेल, तर थांबण्याचा वेळ किती वाढेल? बॅकएंडवर काम करताना मला हा प्रश्न वारंवार भेटतो, आणि उत्तर १०% च्या आसपासही नसतं.

एक उदाहरण घेऊ. सर्व्हर मिनिटाला सरासरी ६० कामं करतो. मिनिटाला ३० ओटीपी आणि १८ रिपोर्ट येतात. ओटीपी आला की चालू रिपोर्ट बाजूला ठेवायचा. सगळे कालावधी एक्स्पोनेन्शियल धरू. बिघाडच नसेल तर काम पूर्ण व्हायला ओटीपीला सरासरी २ सेकंद लागतात, रिपोर्टला १०.

आता बिघाड आणू. १९५८ मध्ये हॅरिसन व्हाइट आणि ली क्रिस्टी यांनी एक सोपी युक्ती मांडली: बिघाड म्हणजे सर्वोच्च प्राधान्याचा ग्राहकच समजा. तो आला की बाकी सगळे थांबतात, अगदी ओटीपीसुद्धा.

समजा सर्व्हर सरासरी ९० मिनिटं चालतो आणि १० मिनिटं बंद राहतो. म्हणजे खरा वेग ६० × ०.९ = ५४. शिवाय नवीन काम येतं तेव्हा सर्व्हर बंद असण्याची शक्यता ०.१, आणि तसं असेल तर तो सुरू व्हायला सरासरी आणखी १० मिनिटं. म्हणून:

ओटीपीचा वेळ = (१/५४ + ०.१ × १०) ÷ (१ − ३०/५४) ≈ २.३ मिनिटं

असाच हिशोब दोन्ही कामं धरून केला की रिपोर्टचा वेळ येतो सुमारे २०.६ मिनिटं. कुठे १० सेकंद आणि कुठे हे!

आता फक्त एक बदल करा: ९ मिनिटं चालू, १ मिनिट बंद. उपलब्धता तीच, ९०%. पण ओटीपीला लागतात १६ सेकंद आणि रिपोर्टला २.४ मिनिटं.

म्हणून डॅशबोर्डवर नुसती उपलब्धतेची टक्केवारी बघून समाधान मानू नका. एकदा बंद पडल्यावर सर्व्हर सरासरी किती वेळ बंद राहतो, हा आकडाही शेजारी ठेवा. प्राधान्य दिल्याने ओटीपी रिपोर्टच्या पुढे जातो, बिघाडाच्या पुढे नाही.