सोरा, सांडपाणी आणि जीवाणू

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया गेट हे 1939 सालच्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक होय. मोठ्या घटनांना अशी स्मारके लाभतात. परंतु कोणत्याही जुन्या गावात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे बांधली गेली तेथील ओलसर भिंतींच्या पायथ्याशी जो पांढुरका लोणा फुटतो, त्यालाही इतिहास आहे. श्रोतेहो, आज तोच सांगावयाचा आहे.

या पांढऱ्या क्षारात सोरा असतो. बंदुकीच्या दारूचा सुमारे पाऊण हिस्सा सोऱ्याचाच. बिहारमधील नोनिया लोक अशी माती धुऊन व ते पाणी आटवून सोरा काढीत, आणि ईस्ट इंडिया कंपनी तो जहाजांतून विलायतेस नेई. मलमूत्र कुजून अमोनिया निघतो. पण त्याचा सोरा कोण करतो, हे कोणास ठाऊक नव्हते. 1877 साली श्लोसिंग व म्यूंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळू व चुनखडीतून सावकाश झिरपू दिले. काही दिवसांनी अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ते थांबले. अर्थात हे काम सजीवांचे होते. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी झुरिक येथे ते जीवाणू वेगळे केले.

1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळविली. पहिल्या खेपेस अमोनियाचे पूर्ण रूपांतर होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. तळचा गाळ मात्र त्यांनी टाकला नाही. त्यावरच नवे पाणी घेत गेले, आणि आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. तो गाळ म्हणजे जीवाणूंची नांदती वस्तीच होती. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

खतांचे कारखाने व कोकभट्ट्या यांच्या पाण्यात अमोनिया विपुल असतो. तो नदीत गेला, तर मासे मरतात. शिवाय त्यातील एक भार नायट्रोजन पाण्यातील सुमारे साडेचार भार प्राणवायू खातो. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने कारखान्यांवर बंधन आले. परंतु हुकमाने हौद बांधून घेता येतो, जीवाणू वाढविता येत नाहीत. ते मंदगतीने वाढतात, विषारी पाण्याच्या एका लोंढ्याने मरतात, आणि वस्ती पुन्हा बसण्यास आठवडे जातात. म्हणून तपासनीस येण्याच्या दिवशीच हवेचे यंत्र चालविणारा कारखाना कायद्याला फसवू शकेल. या जीवाणूंना नव्हे.