शब्दकोडं, एसएमएस आणि न सांगितलेला निकाल

साकोलीहून बोलतोय.

कॉलेजात असताना इथल्या एका दुकानाने स्पर्धा ठेवली होती. सामान घ्या, 'मला हे दुकान आवडतं, कारण...' हे वाक्य पूर्ण करा, मोबाइल जिंका. मी रात्रभर वाक्य घोटलं. पुढे विचारायला गेलो, तर म्हणाले, "लागला एकाला." कोणाला, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता जरा मागे जाऊ. १९५० च्या आसपास शब्दकोड्यांच्या स्पर्धांचं वेड होतं. फी भरायची, कोडं पाठवायचं. गोम अशी, की एका जागी दोन शब्द बसायचे आणि 'बरोबर' कोणता, हे आयोजकाने आधीच ठरवलेलं असायचं. म्हणजे डोकं कमी, नशीब जास्त! म्हणून १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा आला. महिन्याला १,००० रुपयांवर बक्षीस नाही, लायसन्स घ्या, हिशेब ठेवा. चमारबागवाला नावाचे आयोजक सुप्रीम कोर्टात गेले. ९ एप्रिल १९५७ ला कोर्ट म्हणालं, हा कायदा नशिबाच्या स्पर्धांना लागू. जिथे खरंच बऱ्यापैकी कौशल्य लागतं, तिथे नाही.

मग कौशल्य म्हटलं की आयोजक मोकळा? नाही! वस्तू खपवायला ठेवलेल्या स्पर्धा ग्राहक कायद्यात येतात, मग त्या नशिबाच्या असोत की कौशल्याच्या. २००२ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली: योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागी लोकांपासून लपवणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा.

२००७ ला 'कौन बनेगा करोडपती'मध्ये प्रेक्षकांसाठी एसएमएस स्पर्धा होती. एक एसएमएस २ रुपये ४० पैशांचा. बक्षिसाचा पैसा आपल्याच एसएमएसमधून जातो, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ ला १ कोटीचा दंड लावला. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण तसा पुरावाच नव्हता. म्हणजे नुसता संशय पुरत नाही, कागद लागतो.

२०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातही निकालाचा नियम कायम आहे. ज्या वर्तमानपत्रात जाहिरात आली, त्यातच वाजवी वेळेत ठळकपणे निकाल छापला, तर तो कळवला असं धरतात. कायदा अजून पेपरचंच नाव घेतो. आपल्या स्पर्धा मात्र रील्सवर येतात.

म्हणून भाग घेण्याआधी नियमांचा स्क्रीनशॉट काढा, बिल जपा. निकाल दडवला तर १९१५ वर फोन करा. माझ्याकडे तेव्हा बिलसुद्धा नव्हतं, राजेहो!