मोहल्ला आणि चौकी

कापूरबावडीच्या नाक्यावर ठाण्याचे दोन जुने रस्ते एकमेकांचा निरोप घेतात. त्यांपैकीं एक उत्तरेस जाऊन पुढें पश्चिमेकडे वळतो व गायमुखाच्या घाटांतून घोडबंदरास पोंचतो. १७३७ सालीं मराठ्यांनीं फिरंग्यांकडून जिंकलेला किल्ला याच रस्त्याच्या टोंकाशीं आहे. दुसरा बाळकुमवरून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीस जातो. पहिल्या रस्त्यावर आज मध्यमवर्गाच्या उंच इमारती आहेत, दारोदार रखवालदार आहेत, आणि पोलीस म्हणजे गाडी चोरीस गेल्यावर किंवा पासपोर्ट काढतांना ज्याची आठवण होते असें एक खातें आहे. दुसऱ्या रस्त्यावरच्या शहरांत मात्र पोलीस कोणाचे, हा प्रश्न दोन वेळां रक्त सांडून विचारला गेला. आणि त्याला एका पोलीस अधिकाऱ्यानेंच जें उत्तर दिलें तें आपल्या अलीकडच्या इतिहासांतील मोलाच्या प्रयोगांपैकीं एक आहे, असें माझें मत आहे. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांस तें शेजारी घडूनहि फारसें ठाऊक नसतें.

मूळ प्रश्न समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. आपल्याकडे बंदोबस्ताची जुनी व्यवस्था गांवची होती. पाटील, चौगुला, जागल्या, रामोशी हे गांवच्याच पोटांतले. चोराचा माग दुसऱ्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचविला नाहीं, तर गेलेल्या मालाची भरपाई करण्याची जबाबदारी राखणदारावर येई. ही व्यवस्था सोंवळी होती असें मुळींच नाहीं. राखणदार आणि चोर यांचें संगनमत हा त्या काळच्या तक्रारींतला नेहमींचा विषय. पण राखणदाराचें नांव आणि घर गांवाला ठाऊक असे, एवढें खरें. इंग्रजांनीं १८६१ चा पोलीस कायदा केला. मुंबई इलाख्यापुरते १८६७ व १८९० चे स्वतंत्र कायदे झाले, तरी घाट तोच राहिला. सर रॉबर्ट पील यांनीं १८२९ सालीं लंडनसाठीं निर्माण केलेलें, नागरिकांच्या संमतीवर चालणारें दल हा त्यांचा नमुना नव्हता. नमुना होता आयर्लंडांतल्या दलाचा, म्हणजे जिंकलेल्या प्रजेवर पहारा ठेवणाऱ्या दलाचा. हाच वारसा घेऊन आपण स्वतंत्र झालों. १९५१ सालीं मुंबई राज्यानें नवा पोलीस कायदा केला, पण शिपाई आणि प्रजा यांच्यामधलें अंतर कायद्याच्या कलमांनीं मिटण्याजोगें नव्हतें.

आतां भिवंडीकडे वळूं. हें गांव मागांचें. मूळचे कोंकणी मुसलमान, १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणांतून आलेले पद्मशाली, भोंवतालच्या खेड्यांतले आगरी व कोळी, सुताचा व कापडाचा व्यापार करणारे गुजराती आणि मारवाडी, अशी येथली वस्ती. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि त्यांची संख्या लाखांच्या घरांत गेली. एकाचें सूत, दुसऱ्याचा माग, तिसऱ्याचे हात. एकमेकांवांचून यांपैकीं कोणाचेंच पोट भरत नाहीं. अशा गांवांत दंगल होणार नाहीं असें कोणाही अर्थशास्त्रज्ञानें सांगितलें असतें. पण मे १९७० मध्यें शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून ती झाली, आणि तिच्या ठिणग्या जळगांव व महाड येथपर्यंत गेल्या. न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें तिची बारकाईनें चौकशी केली व पोलिसांच्या पक्षपाताबद्दल स्पष्ट शब्दांत ताशेरे ओढले. अहवाल कपाटांत गेला. १९८१ सालीं ठाण्यास पोलीस आयुक्तालय झालें व भिवंडी त्याच्या हद्दींत आली. तरीहि मे १९८४ मध्यें भिवंडी पुन्हां पेटली; आग ठाणें व मुंबई येथें पसरली आणि एकंदर अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. मागांचें परस्परावलंबन तेव्हांहि तेंच होतें. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याची गरज पडणार आहे.

१९८८ सालीं सुरेश खोपडे हे भिवंडीस पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या तेथें पूर्वींहि होत्या. त्या कशा असतात तें सर्वांस ठाऊक आहे : सणाच्या आदल्या आठवड्यांत पोलीस ठाण्यांत खुर्च्या मांडावयाच्या, दोन्ही बाजूंचे प्रतिष्ठित व पुढारी बोलावावयाचे, चहा द्यावयाचा, भाईचाऱ्याचीं भाषणें ऐकावयाचीं, आणि पुढच्या सणापर्यंत एकमेकांस विसरावयाचें. ज्यांचें वजन तंट्यावरच वाढतें अशांच्या हातीं शांतता सोंपविण्याचा हा प्रकार. खोपड्यांनीं ही पद्धत उलटी केली. शहराचे मोहल्ले पाडून त्यांनीं सुमारें ७० मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांत हिंदु व मुसलमान दोन्ही, आणि भर पुढाऱ्यांवर नसून साध्या माणसांवर. त्या त्या भागाच्या पोलिसांनीं या समित्यांबरोबर नियमानें बसावयाचें, सण असो वा नसो.

बसून काय करावयाचें? येथेंच या प्रयोगाचें मर्म आहे. आपल्या फौजदारी कायद्यांत गुन्ह्यांचे दोन वर्ग आहेत. दखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांनीं करावयाचा. अदखलपात्र गुन्ह्याची केवळ नोंद करून फिर्यादीस कोर्टाची वाट दाखवावयाची. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा बाबी बहुधा या दुसऱ्या वर्गांत पडतात, आणि नळाच्या पाण्यावरून, गटाराच्या उतारावरून, भिंतीच्या चार बोटें जागेवरून जुंपलेलीं भांडणें तेथेंच येऊन थांबतात. ठाण्याच्या दृष्टीनें तीं क्षुल्लक. पण गरिबाच्या आयुष्यांत सरकारची गांठ पडते ती बहुधा अशाच भांडणांच्या निमित्तानें. ज्याची तक्रार ठाण्यांत कोणी ऐकत नाहीं तो गल्लींतल्या दादाकडे जातो, आणि दादाची जात किंवा धर्म हाच मग त्याच्या न्यायाचा पत्ता ठरतो. नळावरचें भांडण दोन जमातींचें भांडण होतें तें याच वाटेनें. तें मोहल्ल्याच्या बैठकींत, पोलिसांच्या देखत, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांसमक्ष मिटलें म्हणजे दादाचा एक गिऱ्हाईक कमी होतो. शिवाय जीं माणसें गटारासाठीं दहा वेळां एकत्र बसलीं आहेत त्यांना अकराव्या वेळीं अफवेची शहानिशा कोणाकडे करावयाची हें माहीत असतें.

परीक्षा ६ डिसेंबर १९९२ नंतर झाली. बाबरी मशीद पाडली गेल्यावर मुंबईंत डिसेंबर व जानेवारी अशा दोन फेऱ्यांत नऊशें माणसें मेलीं. हा आंकडा श्रीकृष्ण आयोगापुढें आलेला आहे. जें शहर दोनदां पेटलें होतें आणि ज्याची सर्वांस भीति होती, त्या भिवंडींत दंगल झाली नाहीं. तोंवर खोपड्यांची बदली झालेली होती व उपायुक्तपदीं गुलाबराव पोळ होते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. एका करारी अधिकाऱ्याच्या दराऱ्यानें शहर शांत राहिलें असें म्हणावें, तर तो अधिकारी तेथें नव्हता. पोळांनीं समित्या मोडल्या नाहींत, चालू ठेवल्या. आपल्या प्रशासनांत आधींच्या माणसाचें काम पुढें चालविणें हें नवें काम काढण्याहून अवघड असतें, म्हणून त्यांचें श्रेय कमी लेखूं नये.

दोन आक्षेप घेतले जातात. पहिला हा कीं, भिवंडीची शांतता हें मागांचें पुण्य, पोलिसांचें नव्हे. त्याचें उत्तर वर येऊनच गेलें आहे : माग १९७० सालींहि होते, १९८४ सालींहि होते. १९८४ आणि १९९२ यांच्यामध्यें नवी गोष्ट कोणती घडली, हें आक्षेप घेणाऱ्यांनीं सांगावें. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीं हिंदु-मुसलमान दंगलींवरील आपल्या अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, नुसत्या शेजारपणापेक्षां दोन्ही जमातींच्या संयुक्त संस्था दंगल अधिक चांगली रोखतात. आणि अशी संस्था राज्ययंत्रणेच्या पुढाकारानेंहि उभी राहूं शकते, याचें उदाहरण म्हणून त्यांना भिवंडीच घ्यावीशी वाटली. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पोलिसांनीं जमविलेली समिति म्हणजे खबऱ्यांचें मंडळ नव्हे काय? हा धोका खरा आहे. समितींतल्या माणसाला बैठकीच्या बदल्यांत कांहीं मिळूं लागलें कीं तो मोहल्ल्याचा रहात नाहीं, ठाण्याचा होतो. यावर समितींत शत्रु वाटणारीं माणसें एकत्र बसविणें एवढाच उपाय मला दिसतो. तीं एकमेकांवर नजर ठेवतात.

मुंबईनें हा धडा उशिरां घेतला. १९९४ सालीं आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे प्रभृतींच्या प्रयत्नानें तेथें मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्य सरकारनें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम काढली आणि तंटे मिटविणाऱ्या गांवांस रोख बक्षिसें लावलीं. हेतु चांगला, पण बक्षीस आलें कीं तंटे मिटविण्यापेक्षां ते कागदावर मिटलेले दाखविण्याचा मोह येतो, आणि दुर्बळ पक्षानें गप्प बसणें हीच तडजोड ठरण्याची भीति राहते.

भिवंडीची गोष्ट १९९२ वर थांबवतां आली असती तर ती फार गोड झाली असती. पण ५ जुलै २००६ रोजीं त्याच शहरांत, कबरस्तानाची म्हणून दावा असलेल्या जागेवर पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यावरून जमाव व पोलीस समोरासमोर आले. गोळीबारांत दोघे मेले आणि त्याच रात्रीं जमावानें दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. लढा या वेळीं दोन जमातींमध्यें नव्हता, मोहल्ला आणि चौकी यांच्यामध्येंच होता. त्याच वर्षीं २२ सप्टेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकाशसिंग यांच्या खटल्यांत पोलीस ठाण्यांच्या व जिल्ह्यांच्या प्रमुखांस निदान दोन वर्षें एका जागीं ठेवावें असा आदेश दिला. महाराष्ट्रानें आपल्या कायद्यांत मुदतीची तरतूद केली ती २०१४ सालीं. मोहल्ल्यांतल्या माणसांचीं नांवें पाठ होण्यास उपायुक्ताला किती वर्षें लागतात, याचा उल्लेख अर्थातच त्या तरतुदींत नाहीं.