माँटसेराटमधील फुटबॉल

माँटसेराट या कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश सागरपार प्रदेशात फुटबॉल हा खेळ मुख्यत्वे हौशी पातळीवर खेळला जातो. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १०२ चौ. किमी असून लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास आहे. माँटसेराट फुटबॉल असोसिएशन ही येथील नियामक संस्था असून तिला १९९६ साली फिफाचे सदस्यत्व मिळाले.

ज्वालामुखीचा परिणाम

१९९५ साली कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत राष्ट्रीय संघाने अँग्विलाला दोन्ही सामन्यांत पराभूत केले. त्याच वर्षी १८ जुलै रोजी सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागृत झाला. पुढील दोन वर्षांत राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली. बेटाचा दक्षिण भाग वस्तीस बंद झाला आणि सुमारे दोन तृतीयांश रहिवासी स्थलांतरित झाले. त्यांपैकी अनेकजण इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. उत्तरेकडील ब्लेक्स इस्टेट येथे पुढे नवे मैदान उभारण्यात आले.

स्थानिक स्पर्धा

खेळाडू नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळतात. रॉयल माँटसेराट पोलीस दलाच्या संघाने बेटावरील अजिंक्यपद स्पर्धा अनेकदा जिंकली आहे. स्पर्धेत दीर्घकाळ खंडही पडला.

राष्ट्रीय संघ

३० जून २००२ रोजी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्याच दिवशी, फिफा क्रमवारीत तळाला असलेल्या भूतान व माँटसेराट या संघांचा सामना थिंफू येथे झाला. भूतानने तो ४-० असा जिंकला. योहान क्रेमर यांचा 'द अदर फायनल' हा माहितीपट याच सामन्यावर आहे. २००४ साली विश्वचषक पात्रता फेरीत बर्म्युडाने संघाला १३-० व ७-० असे हरवले. फिफा सदस्यत्वानंतरचा पहिला विजय २०१२ साली ब्रिटिश व्हर्जिन द्वीपसमूहाविरुद्ध ७-० असा मिळाला.

इंग्लंडमधील माँटसेराटवंशीय खेळाडूंनाही संघात स्थान मिळू लागले. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळलेले लायल टेलर हे त्यांपैकी प्रमुख होत. मँचेस्टर सिटीचे माजी खेळाडू विली डोनाकी यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने २०१८-१९ च्या कॉन्ककॅफ नेशन्स लीग पात्रता फेरीत चारपैकी तीन सामने जिंकले. गोल्ड चषकातील प्रवेश मात्र थोडक्यात हुकला. ज्वालामुखीमुळे दुरावलेल्या कुटुंबांतील पुढच्या पिढीमुळे संघाची कामगिरी उंचावली, तरी बेटावरील खेळ हौशीच राहिला. त्यामुळे स्थानिक खेळाडूंना राष्ट्रीय संघात स्थान मिळवणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.